मंगळवारचा गुंता

माझे केस कुरळे आहेत हे माझ्या ऑफिसात कुणाला माहीत नाही. शाळेत पोरं मला 'शेवया' म्हणायची, म्हणून कळत्या वयापासून मी ते इतके बारीक ठेवत आलोय की त्यांना वळायला जागाच मिळत नाही. त्यामुळे कुरळ्या केसांशी कसं वागायचं हे मला कधी शिकावंच लागलं नाही. मुलीनं नेमके माझेच केस घेतले, आणि वर ते वाढवायचा हट्ट धरला. बायकोचे केस सरळ. ती रोज सकाळी बारीक दात्यांचा कंगवा घेऊन कोरड्या केसांवर तुटून पडायची. मुलगी रडायची, बायको चिडायची आणि मी पेपर तोंडासमोर धरायचो. नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवस असाच उजाडायचा.

मुलगी दुसरीत असताना तिला टायफॉईड झाला. मदतीला नांदगावहून आई आली. ताप उतरेना, तेव्हा आम्ही तिघं आळीपाळीनं तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होतो. पाणी ओघळून मानेकडे जायचं, उशी ओली व्हायची, आणि पोर त्या ओल्या उशीवर डोकं घासत तळमळायची. केसांना हात लावू देत नव्हती. आम्हीही आग्रह केला नाही. ताप उतरेना म्हटल्यावर केसांची कुणाला पडलीय?

अखेर ताप उतरला. एका सोमवारी आई तिला मांडीवर घेऊन तेल लावायला बसली. डोक्यावरून फिरणारा तिचा हात मानेजवळ एकदम थांबला. तिनं तो मागे घेतला आणि आपल्या कपाळाला लावला.

"जट हाय ही," ती म्हणाली. "देवी आलीय पोरीवर."

मी वाकून पाहिलं. लिंबाएवढा गोळा होता, नारळाच्या शेंडीसारखा घट्ट. आमच्या गावाकडे जटेला एकदा हळदकुंकू लागलं की तिला कंगवा नाही की कात्री नाही. ती वाढत जाते, वास मारते, मानेला ओढ लागते. ती मिरवणारी पोर हळूहळू घरची राहत नाही, देवीची होते. शाळा सुटते आणि लग्नाचा विषयच कुणी काढत नाही. अशा बाया मी लहानपणी जत्रेत पाहिल्या होत्या आणि त्यांना हसलोही होतो.

मी ड्रॉवरमधून कात्री काढली. आई उठून मधे उभी राहिली. पण माझं मनगट धरलं ते बायकोनं.

"उद्या हिला परत ताप आला तर?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आई बोलतीलच. पण मला तरी काय वाटेल?"

मला तिचा भयंकर राग आला. राग यायचं कारण एवढंच की माझ्याही मनात तेच आलं होतं. पदवीधर माणूस, हातात कात्री आणि ती पुढे सरकत नाही. मला स्वतःची लाज वाटली.

तोड शेवटी आईनंच काढली. "खरी जट सुटत नाय. सोडवून बघ तू. पण कात्री नाय लावायची. उद्या मंगळवार हाय. दुपारी नैवेद्य झाला की मी देवीची ओटी भरणार आन् हिच्या केसाला हळदकुंकू लावणार. तवर सुटला तर गुंता, नाय तर देवीची. मग माझ्याशी भांडायचं नाय."

मी रजा टाकली. मंगळवारी सकाळी मुलीला बाथरूमच्या दारात स्टुलावर बसवलं आणि तोच बारीक कंगवा घेऊन सुरुवात केली. गोळ्यात कंगवा खुपसायचा आणि ओढायचा, एवढीच मला समज. केस तटातट तुटत होते आणि गोळा आणखी आवळत होता.

"पप्पा, दुखतंय."

"गप्प बस जरा," मी खेकसलो.

ती गप्प बसली. आवाज न करता रडणारी पोर पाठमोरी बघवत नाही. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. आईनं ताटात तांदूळ, नारळ, खण असं मांडून ठेवलेलं मला जागेवरून दिसत होतं.

बायको मोबाईलवर काहीतरी बघत भिंतीला टेकून उभी होती. तिनं येऊन माझ्या हातातला कंगवा काढून घेतला. "आपण रोज चुकत आलोय," ती म्हणाली. "असे केस कोरडे ओढायचेच नसतात. ओले करायचे, बुळबुळीत करायचे, आणि वरून नाही, टोकापासून सोडवायचे. बोटांनी."

तिनं कोमट पाण्यानं गोळा भिजवला. कंडिशनरची बाटली त्यावर जवळजवळ रिकामी केली, वर खोबरेल तेल ओतलं. मग आम्ही दोघं दोन बाजूंनी बसलो. खालच्या टोकाची एक बट धरायची, मुळाशी दाबून ठेवायची, म्हणजे टाळूला ओढ बसत नाही, आणि अलगद फाकवायची. बराच वेळ काहीच होईना. मग एक पुंजका अख्खाच बोटांत आला. मी घाबरलो, पण ते तुटलेले केस नव्हते. आजारपणात गळलेले होते. सरळ केस गळले की उशीवर पडतात. कुरळे गळतात आणि जागच्या जागी शेजाऱ्याच्या गळ्यात पडून राहतात. गोळ्यातले निम्मे केस असे कधीचेच मेलेले होते आणि जिवंत केसांना धरून बसले होते. ते उपसत गेलो तसा गोळा सैल पडत गेला. मुलगी आता रडत नव्हती. "किती राहिलं?" एवढंच मधून मधून विचारायची.

नैवेद्याचा वास घरभर पसरला तेव्हा मानेलगत चिंचोक्याएवढी गाठ उरली होती. ती मात्र हलेना. माझी बोटं पाण्यानं सुरकुतली होती, नख आत शिरत नव्हतं. चिंचोका असला तरी जटच ठरणार होता, कारण आईनं शब्दात पकडलं होतं आम्हाला. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मग आरशाखाली ठेवलेल्या नेलकटरकडे. एवढंसं तर कापायचं. कुणाला कळणार? ती उठलीच होती, तेवढ्यात आई दारात आली. हातात हळदकुंकवाचा करंडा होता.

फरशीवर गळलेल्या केसांचा ढीग पडला होता. आई आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग मुलीच्या पाठीवर मोकळ्या पडलेल्या ओल्या केसांकडे. तिनं करंडा वॉशिंग मशीनवर ठेवला.

"सरक," ती मला म्हणाली.

मी मुलीच्या मानेवर हात आडवा धरला. "आई, नको. हात जोडतो."

"सरक म्हणते ना."

ती गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसली, माझा हात बाजूला केला आणि वाटीतल्या तेलात बोटं बुडवली. मला वाटलं, आता हळद लावणार. तिनं गाठ दोन बोटांत धरली आणि चोळायला लागली. हलकेच, एकाच दिशेनं, कितीतरी वेळ. मग एक केस सुटला आणि त्याच्यामागून दुसरा. शेवटचा पुंजका तिच्या तळहातावर आला आणि मानेवरची बट सुटी झाली. तिनं ती पूर्ण लांब ओढून सोडली. बट वेटोळं घेत परत वर गेली. आईनं ती पुन्हा ओढून बघितली.

"पाण्यानं सुटतीय ही," ती म्हणाली. आवाज कुणावर तरी चिडल्यासारखा होता. "पाण्यानं. माझ्या थोरल्या बहिणीच्या डोक्याला कुणी पाणी लावून बघितलंच नाय."

मला मामा आहे, एक धाकटी मावशी आहे. थोरल्या मावशीचं नाव या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुला थोरली बहीण होती?"

आईनं मुलीच्या केसांतून बोटं काढली नाहीत.

"हिच्याएवढी व्हती, तवा सोडली देवीला," ती म्हणाली. "तिचे बी असेच कुरळे व्हते."