दोन घरचा पाहुणा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दाराची बेल वाजली की पाळकसाहेब आधी शर्टाची वरची गुंडी लावत. आयुष्यभर दारात माणूस उभा राहिला की त्याच्या घरी कुणी आजारी असे, कुणी गेलेलं असे, नाहीतर लग्न ठरलेलं असे. आता बेल वाजे ती चुकून. समोरच्यांचं पार्सल घेऊन आलेला माणूस दारावरचा नंबर वाचे, माफी मागे आणि वळे. लावलेली गुंडी मग दिवसभर तशीच राही.

ज्या चर्चची त्यांनी चाकरी केली, त्याचा पसारा मोठा. मुख्य कचेरी समुद्रापलीकडे. तिच्या हाताखाली प्रांताप्रांतांचे बिशप, बिशपांच्या हाताखाली पाळक, आणि पाळकांच्या डोक्यावर, असं त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, म्हणायच्या, मंडळीतले वडील. वडील म्हणजे वयाने नव्हे. देवळात येणाऱ्या मंडळींनी हात वर करून निवडलेली चार जाणती माणसं. रविवारी दानाची थैली फिरे, तिच्यातला वाटा वर जाई, आणि वरून तो पगार होऊन, शाळा-दवाखाने होऊन, म्हाताऱ्या पाळकांचं पेन्शन होऊन खाली उतरे. पाळकाचं स्वतःचं असं काही नसे. घर चर्चचं, पलंग चर्चचा, चमचेसुद्धा चर्चचे. वर्षाच्या सभेत बिशप उभे राहून नेमणुका वाचत आणि तोपर्यंत कुणाला सुगावा लागत नसे.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," पाळकीणबाई म्हणत. "पण विंचवाला निदान ठाऊक असतं, कुठे निघालोय ते."

पडदे तेवढे त्यांचे स्वतःचे. पुढच्या घराच्या खिडक्या केवढ्या असतील कोण जाणे, म्हणून त्या पडद्यांना खाली वीतभर दुमड ठेवत. उंच खिडकी मिळाली की दुमड उसवायची, बुटकी मिळाली की पुन्हा घालायची. शेवटी त्या गेल्या, आणि पडदे शेवटच्या खिडकीला होते तेवढेच राहिले. आताच्या खोलीत ते जमिनीवर लोळतात. साहेबांना सुईत दोरा ओवता येत नाही, आणि येत असता तरी त्यांनी ते आखूड केले नसते.

निवृत्तीनंतर त्यांनी हे शहर निवडलं, कारण इथल्या खालच्या देवळात ते एकदा नेमणुकीवर होते आणि वरच्या पेठेत त्याच चर्चचं दुसरं देऊळ होतं. दोन देवळं म्हणजे माणसांना तोटा नाही, असा त्यांचा हिशोब. पण एक गोष्ट त्यांना नोकरीत असताना कधी बोचली नव्हती. पाळकाचं नाव कुठल्याच मंडळीच्या पटावर नसतं. ते असतं प्रांताच्या परिषदेत. सगळ्या मंडळ्यांचा तो पाळक, आणि सभासद एकीचाही नाही.

पाय धड होते तोवर रविवारी देवळात जाऊन बसत, आणि हे चालून गेलं. मग न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडलं, आणि तीन जिने उतरणं संपलं. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा, पाव आणि प्याला घेऊन पाळकाने जायचं, ही त्यांच्या चर्चची जुनी रीत. साहेब स्वतः किती घरांचे जिने चढले असतील! तेव्हा ते गुंडी लावून वाट बघत बसले.

कुणी आलं नाही. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. खालच्या देवळाच्या तरुण पाळकाने फोनवर अदबीने सांगितलं, "साहेब, वरच्या पेठेतले पाळक येत असतील ना तुमच्याकडे? तुम्ही आमच्या देवळाचे जुने पाळक. नियम आहे ना, जुन्या पाळकाने आणि जुन्या मंडळीने अंतर ठेवायचं." नियम होताच, साहेबांनी तो जन्मभर पाळला होता. वरच्या पाळकाला वाटे, हे तर खालच्यांचे, दुसऱ्याच्या कळपात आपण कशाला हात घालायचा. दोघे प्रत्येक रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करत. दोन घरचा पाहुणा उपाशी! आणि साहेब असे मानी की दोघांनाही म्हणाले, "हो हो, येतात की."

बरं, स्वतः पाळकच आहेत, तर स्वतःच पाव मोडावा आणि घ्यावा? तेही नाही. पाळकाने सगळ्यांना द्यायचं आणि सर्वांत शेवटी, नेमलेल्या वडिलाच्या हातून, स्वतः घ्यायचं. आपल्या हाताने नाही. एकदा एका आडगावी वादळात वडील पोहोचलेच नाहीत. देवळात फक्त पाळकीणबाई. साहेबांनी त्यांना दिलं. त्यांनी पाव हातात धरून म्हटलं, "आणा, मी देते तुम्हाला." साहेब म्हणाले, "तू नेमलेली नाहीस." त्यांनी पाव खाली ठेवला. रात्री ताट मांडताना एवढंच विचारलं, "तुमच्या नियमालाही वाढू का थोडं?" तेव्हा ते हसले होते. आता त्या प्रश्नाने त्यांना झोप लागत नसे.

चर्चमध्ये न चुकता आठवण ठेवणारं एकच माणूस उरलं होतं, हयातीचा दाखला घेणारं. पेन्शन खाणारा खरंच जिवंत आहे का, हे मुख्य कचेरी दरसाल विचारते. कसा आहेस, हा रकाना त्या कागदावर नाही. साहेबांना प्रांताच्या इथल्या कचेरीत जाता येईना, म्हणून यंदा तिथल्या एक बाई घरी येणार होत्या.

त्या सकाळी त्यांनी टेबलावर धुतलेला रुमाल अंथरला. वाण्याकडून मागवलेला द्राक्षाचा रस छोट्या पेल्यात ओतला, पाव बशीत ठेवला. बेल वाजली. गुंडी पहाटेपासूनच लावलेली होती.

बाई धापा टाकत आत आल्या. "काय जिने हो! पाळकसाहेब, हयात आहात ना? करा इथे सही. मला अजून पलीकडच्या दोघांकडे जायचंय, खाली रिक्षा थांबवलीय."

साहेबांनी सही केली. बाईंनी कागद पिशवीत घातला आणि त्या उठल्या. आता बोललं नाही तर पुढच्या सालापर्यंत तोंड मिटून बसायचं, हे साहेबांना कळत होतं. जन्मभर हजारो माणसांपुढे बोललेला माणूस, पण शब्द फुटेना.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुमचा बाप्तिस्मा आपल्याच चर्चचा ना?"

"आजीच्या मांडीवर झाला. का हो?"

त्यांनी टेबलाकडे बोट केलं. बाईंनी रुमाल पाहिला, पेला पाहिला, आणि पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून नाही घेतलंत?"

"पडल्यापासून."

"अहो, मग दोन-दोन देवळं काय करतायत?"

"माझ्यासाठी प्रार्थना करतायत," साहेब म्हणाले.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. बाईंनी खिडकीतून हात हलवून त्याला थांबायला सांगितलं आणि डोक्यावरून पदर घेतला. साहेबांनी खुर्चीत बसूनच प्रार्थना म्हटली. एकही शब्द अडला नाही. पाव मोडून त्यांनी बाईंना दिला, पेला दिला. मग सवयीने त्यांचे हात मांडीवर येऊन थांबले.

बाई पावाचा उरलेला तुकडा हातात घेऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला कोण देणार? मी दिलं तर चालतं का?"

"नियमात नाही बसत."

"मग?"

साहेबांनी ओंजळ पुढे केली. बाईंनी आपल्या डाव्या हाताने ती ओंजळ खालून धरली आणि पाव तिच्यात ठेवला. साहेबांनी तो तोंडात घातला आणि म्हातारा रडला. पाळकीणबाईंची आठवण येऊन रडला. बाई शेजारी उभ्या राहिल्या.

मग खालून पुन्हा हॉर्न आला. बाईंनी घाईने चपला घातल्या, दाराबाहेर गेल्या आणि काहीतरी सुचून परत डोकावल्या.

"पाळकसाहेब, हे कुणाला सांगू नका हं. बिशपांच्या कानावर गेलं तर माझी नोकरी जाईल."

"मुली," साहेब गुंडी सोडत म्हणाले, "सांगायला आहे कोण?"