मला ऐकू न आलेली हाक

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण कधी प्रतिसाद दिला नाही. खरं सांगायचं तर अर्ध्या अनुभवांना मनातल्या मनात हसायचे. राग मानू नका... मी पायलट आहे. आमच्या कामात 'मला असं वाटलं' याला काही किंमत नसते. काटा काय सांगतो ते बघायचं. भूत, भानामती, पितर यांतल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे एक मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

मी मूळची नाशिकची, मखमलाबादची. आमचा फुलांचा मळा होता. गुलाब, झेंडू आणि एका बाजूला शेवंतीचे वाफे. आई आणि आप्पा पहाटे फुलं तोडायचे आणि आप्पा ती सायकलला पाट्या बांधून बाजारात न्यायचे. ओझरच्या कारखान्यातली नवी विमानं चाचणीसाठी उडायची तेव्हा आवाजानं कानठळ्या बसायच्या. आई हातातलं काम टाकून पदर हलवायची. मी म्हणायचे, "अगं, त्याला दिसतंय का तिथून!" ती म्हणायची, "दिसो नायतर ना दिसो. मानूस हाय ना आत?"

मी विमान शिकायला गेले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मला लायसन्स मिळायच्या आधीच आई गेली. पोटाचं दुखणं होतं, हाताशी वेळच मिळाला नाही. पुढे मखमलाबाद रस्त्याला भाव आला, मळा विकला गेला, आप्पा दादाकडे पुण्याला राहायला गेले. नाशकात आमचं काही उरलं नाही.

आईचे फोटो आहेत. पण तिचा आवाज कुठेच नाही. दादाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, तिच्यात आई हसते, कुणाला तरी हात करून बोलावते... आणि त्या सगळ्यावर शूटिंगवाल्यानं सिनेमाची गाणी टाकलीत. तेव्हा तशीच पद्धत होती. काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मला तिचे शब्द आठवतात, पण आवाज आठवत नाही. हे कुणाला सांगायचं? आणि काय म्हणून सांगायचं?

आता मूळ अनुभव.

२००८च्या सुमारास आमच्या छोट्या कंपनीनं मुंबई-नाशिक विमान सुरू केलं होतं. संध्याकाळी ओझरला उतरायचं, मुक्काम नाशकात, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. म्हणजे माझ्याच गावात मी लेओव्हरला! मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात रिसेप्शनवरचा माणूस मला विचारायचा, "मॅडम, पहिल्यांदाच आलात का नाशिकला?" मी नुसती हसायचे.

माझे कॅप्टन होते मेनन सर. केरळचे. इंग्रजी उत्तम, हिंदी मोडकं, आणि मराठी 'नमस्कार'च्या पुढे शून्य. त्यांना एक छंद होता आणि तो त्यांनी मलाही लावला. जिओकॅशिंग. म्हणजे जगभर लोक कुठेतरी छोटे डबे लपवून ठेवतात आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. आपण हातातलं जीपीएस घेऊन डबा शोधायचा, त्यातली एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. लेओव्हरला पायलटकडे वेळच वेळ असतो. झोप झाली की हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघण्यापेक्षा हे बरं, असं सरांचं म्हणणं. कोचीत, कोलंबोत, कुठे कुठे आम्ही झुडपांत हात घालून डबे काढलेत. लोक बघत राहायचे!

नाशिकच्या आसपास तेव्हा एकच डबा होता, चांभारलेण्याच्या डोंगराजवळ. तो आम्हाला दोनदा जाऊनही सापडला नव्हता. त्या दिवशी सकाळी नाश्त्याला सर म्हणाले, "जाऊ दे तो डबा. हे तुझं गाव आहे ना? तू एक लपव. अशा जागी, जिथे कुणीतरी यावं असं तुला वाटतं."

मी म्हटलं, "अशी एकच जागा होती सर. आता नाही. तिथे रो-हाऊस झालीत."

त्यावर ते चहा ढवळत म्हणाले, "जमीन विकता येते. अक्षांश-रेखांश कुठे विकता येतात?"

मला काय झालं कोण जाणे... मी उठलेच. इतकी वर्षं मुद्दाम त्या रस्त्यानं गेले नव्हते.

रिक्षानं मखमलाबाद रोडला गेलो. थंडीचे दिवस होते, पण ऊन चांगलं पडलं होतं. कॉलनीच्या गेटवर वॉचमन होता. मी सांगितलं, आमचा मळा होता इथे, जरा बघून जातो. तो म्हणाला, "बघा की ताई. समदे कामाला गेल्यात, कोन हाय आडवायला!"

आत काहीच ओळखू येईना. मग लांब डोंगर दिसला आणि रस्त्याकडेच्या ओढ्यावरची दगडी मोरी दिसली. तेवढ्या तिला कुणी हात लावला नव्हता. मोरीकडे पाठ आणि डोंगर डाव्या खांद्यावर घेतला, की समोर आमची विहीर. लहानपणी शाळेतून मी तशीच यायचे. समोर आता कॉलनीच्या बागेसाठी सोडलेला मोकळा प्लॉट होता. सपाट केलेली माती, कडेनं सिमेंटचे ब्लॉक, एक गंजलेली घसरगुंडी. विहीर बुजवून टाकलेली.

सर जीपीएस घेऊन कडेला ब्लॉकवर उभे होते. मी त्यांना म्हटलं, "पलीकडचा तो कोपरा, तिथे आमची विहीर होती. मी तिथे उभी राहते, तुम्ही पॉइंट मार्क करा." आणि मी प्लॉटमधून तिरकी, सरळ त्या कोपऱ्याकडे निघाले.

मध्यावर पोचले असेन. मागून सर म्हणाले, "सुजाता, थांब. ती बाई तुझ्यावर ओरडतेय."

मी वळले. "कोण बाई?"

"दिसली नाही. आवाज तिकडून आला." त्यांनी हात केला तो बरोबर बुजवलेल्या विहिरीच्या बाजूला. "चालायचं नसेल इथून. सॉरी म्हण तिला."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी विचारलं, "काय म्हणाली?"

आमच्या कामात एक सवय हाडीमासी खिळते. टॉवरमधल्या कंट्रोलरनं जे सांगितलं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, त्याला रीडबॅक म्हणतात. भाषा कळो न कळो, कान शब्द पकडतात. सरांनी तसंच केलं. अडखळत, प्रत्येक अक्षर जपून, पण चाल अगदी हुबेहूब धरून ते म्हणाले...

"बिंगरे... वाफा तुडवू नको गं... बांधावरनं येऽऽ."



भिंगरी म्हणजे मी. एका जागी बसायची नाही, गरगर फिरत राहायची, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. फक्त आईच तसं म्हणायची. दादासुद्धा नाही. शाळेत, ट्रेनिंगला, कंपनीत हे नाव कुणालाच माहीत नव्हतं. आणि बाकीचं वाक्य मी रोज संध्याकाळी ऐकलेलं. शाळेतून आले की बांधावरून वळसा घालायचा मला कंटाळा. मी शेवंतीच्या वाफ्यांतून तिरकी धावायचे आणि आई विहिरीपाशी भाजी धुता धुता ओरडायची. शेवटचा 'ये' असा लांब आणि वर चढवायची, की राग कुठल्या कुठे जायचा, नुसतं बोलावणंच उरायचं.

सरांच्या तोंडून मला तो 'ये' ऐकू आला. इतक्या वर्षांनी मला तिचा आवाज आठवला... आठवला म्हणजे काय, अंगावरून गेला.

मी म्हटलं, "से अगेन, सर."

त्यांनी परत म्हटलं. मी परत म्हणायला लावलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि घाबरले. "काय झालं? शिवी आहे का ती?"

मी आले तशी मागे गेले आणि पूर्वी जिथे बांध होता त्या कडेनं, वळसा घालून विहिरीच्या जागेपर्यंत चालत गेले. तिथे जाऊन उभी राहिले. "आई, आले गं," असं म्हटलंसुद्धा. मोठ्यानं. काही झालं नाही. घसरगुंडीवर एक साळुंकी बसली होती, ती उडाली.

नंतर वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "बाई? नाय ओ ताई. या लायनीत दोनच घरात मानसं राहत्यात, त्यांनाबी कुलूपं हायेत." मी स्वतः जाऊन कुलूपं बघितली. आणि समजा कुणी बाई असती, तरी त्या सपाट मातीला वाफा कोण म्हणणार?

मी दादाला फोन लावला. तो आधी चिडला. "सुजे, झोप झालीये का तुझी?" मग म्हणाला, "त्या सरांना दे फोन." सरांनी दादालाही ते वाक्य म्हणून दाखवलं. सरांनी फोन माझ्या हातात दिला तेव्हा दादा फक्त एवढंच म्हणाला, "तिचंच आहे." आणि फोन ठेवला.

आप्पांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण दिवाळीत माझ्या तोंडून निघून गेलं. आप्पा फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बसले होते. सगळं शांतपणे ऐकलं त्यांनी. ते म्हणतील पोरी, तुला भास झाला असंल, असं मला वाटलं होतं. मग खाली बघून विचारलं, "आन माझ्यासाठी कायच नाय म्हनली?"



त्या जागी मी डबा लपवला नाही. कुणी अनोळखी माणसानं तिथे यावं असं मला वाटेना. पण नाशिकचा मुक्काम आला की मी एकटी जायचे. मुद्दाम तिरकी चालायचे. पाय आपटत, लहानपणी तुडवायचे तसं मधोमध जायचे, म्हणजे तिनं ओरडावं. वॉचमनला वाटत असेल बाईचं डोकं फिरलंय. एकदाही हाक आली नाही. सर एक-दोनदा बरोबर आले, तेव्हा त्यांनाही नाही. पुढे ते विमानच बंद झालं.

मी शक्य तेवढी उत्तरं शोधली. मी झोपेत बडबडते का? पण सर माझ्या झोपेच्या आसपास कधी नव्हतेच. मी कधी त्यांच्याशी आईबद्दल बोलले होते का? 'आई लवकर गेली' यापलीकडे काही नाही, आणि तेही इंग्रजीत. सरांनी गंमत केली? ज्या माणसाला 'भ' म्हणता येत नाही तो मराठीत कसली गंमत करणार! कुणीतरी लांब दुसऱ्याला हाक मारली असेल, तर मग ते नाव कसं? आणि सगळ्यात जास्त छळतो तो प्रश्न हा, की हाक मला होती, तर ती मला का नाही ऐकू आली?

सर आता रिटायर होऊन गावी राहतात. ओणमला मी फोन करते. तब्येत, नारळ, नातवंडं असं बोलून झालं की ते स्वतःच विचारतात, "रीडबॅक पाहिजे?" आणि म्हणतात. पहिली काही वर्षं ते जसंच्या तसं यायचं. मी डोळे मिटून ऐकायचे.

गेल्या वेळी ते मोठ्या उत्साहात होते. शेजारी एक मराठी कुटुंब राहायला आलंय, त्यांच्याकडून त्यांनी ते वाक्य नीट शिकून घेतलं होतं, माझ्यासाठी. "ऐक आता," म्हणाले, आणि म्हटलं. भिंगरे, वाफा तुडवू नको गं, बांधावरून ये. 'भ' स्वच्छ. सगळं शुद्ध. कुणीही मराठी माणसानं म्हणावं तसं. शेवटचा 'ये' मात्र आखूड.

"बरोबर आलं ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "एकदम बरोबर, सर. थँक यू."

फोन ठेवल्यावर दार लावून घेतलं आणि मी स्वतः म्हणून बघितलं. दोनदा, तीनदा. माझाही 'ये' वर चढत नाही.