माझ्या वाटणीचा सातचा पाढा

माझ्या पोरीला पाढे माझ्या थोरल्या जावेनं शिकवले, आणि ते मला अजून सहन होत नाही. सरळच सांगते, नुसता जळफळाट व्हायचा माझा.

घर एकच. खाली थोरले दीर आणि जाऊ, वर आम्ही. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात. सकाळी कंपनीची बस गाठायची, ती दिवेलागणीला परत आणून सोडणार. जाऊ, म्हणजे आमची अक्का, शिक्षिका. तिची सकाळची शाळा, दुपारपासून घरीच. तिचा मुलगा नोकरीला बाहेरगावी, मग तिसरीतली माझी पोरगी तिला आयतीच सापडली. पोरगी तिला 'मोठी मम्मी' म्हणायची आणि मला नुसतं 'मम्मी'. आता बघा!

एकदा मी कामावरून आले तर दोघी दारातल्या फरशीवर उकिडव्या बसलेल्या. अक्कानं खडूनं मोठा गोल काढून त्यावर शून्य ते नऊ आकडे घड्याळासारखे मांडले होते. पोरगी चारचा पाढा म्हणत होती आणि प्रत्येक उत्तराचा शेवटचा आकडा रेघेनं जोडत होती. शून्यावरून चार, मग आठ, बारातला दोन, सोळातला सहा, विसाचं शून्य. झाली की पाच टोकांची चांदणी!

"मम्मी, सहाचीपण हीच चांदणी येती! फक्त उलट्या बाजूनं!" पोरगी नाचायला लागली.

"आधी दप्तर उचल," मी म्हटलं. पायऱ्या चढताना छातीत आग आग होत होती. मी 'बे एके बे' घोकून घ्यायचे तेव्हा हीच पोरगी जांभया द्यायची.

पण सातला अक्काची गाडी अडली. सातची चांदणी म्हणजे रेघांचं नुसतं जाळं. पोरगी 'सात सक' म्हणून थांबायची आणि छताकडं बघत बसायची. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बसमध्ये जाता-येता मी मोबाईलवर शोध शोध शोधलं. निदान एक पाढा तरी तिनं माझ्याकडून शिकावा, एवढंच मला पाहिजे होतं.

रविवारी चहा झाल्या झाल्या पोरीला वरच बसवून घेतली. कागदावर नऊ चौकोन आखले. उजवीकडच्या उभ्या रांगेत वरून खाली एक, दोन, तीन. मधल्या रांगेत चार, पाच, सहा. डावीकडं सात, आठ, नऊ.

"आता आडवं वाच."

"सात, चार, एक... मम्मी! सात, चौदा, एकवीसचे शेवटचे आकडे!"

मग प्रत्येक आकड्याच्या डावीकडं दशकाचा आकडा भरला. पहिल्या ओळीत शून्य, एक, दोन. दुसरीत दोन, तीन, चार. तिसरीत चार, पाच, सहा. पोरीनं न अडखळता थेट त्रेसष्टपर्यंत मजल मारली आणि माझ्या गळ्यातच पडली. काय सांगू, जीव सुपाएवढा झाला माझा.

आणि लगेच कागद ओढून ती उठली. "मोठ्या मम्मीला दाखवून येतो!" आमच्या कोल्हापूरच्या पोरी 'येते' कुठं म्हणतात! धडाधड जिना उतरूनपण गेली.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली अक्का तांदूळ निवडत बसली होती. कागद बघून म्हणाली, "अगं बया! कुणी शिकवलं गं हे?"

"मीच शोधलं!"

"व्हय? लई हुशार हाय माझी बाय!" असं म्हणत अक्कानं तिला मांडीवर ओढली.

माझं डोकंच फिरलं. कठड्यावरून वाकून मी ओरडले, "खोटं बोलतीय ती! मी शिकवलंय! मी!" समोरची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

पोरीनं एकदाच वर माझ्याकडं बघितलं आणि अक्काच्या पदरात तोंड खुपसलं. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "अगं, भ्याली की ती तुला."