हळू आवाजातली बारी

बबनमामा कुठल्याही दारातून आत येताना आधी उजवा हात वर करून चौकट चाचपायचे, मग डावा तळवा स्वतःच्या टाळूवर ठेवायचे आणि पार कमरेत वाकून आत शिरायचे. दार सात फुटी असलं तरी. आमच्या डिंगोऱ्यात नवीन बदलून आलेल्या गुरुजींना वाटलं, काय भाविक माणूस आहे, प्रत्येक उंबऱ्याला नमस्कार करतो! मी म्हटलं, "गुरुजी, ते देवाला न्हाई, चौकटीला भ्यात्यात."

हेच मामा एके काळी यात्रेतल्या बैलगाड्यांपुढं घोडी पळवायचे. आमच्याकडे शर्यतीच्या गाड्यावर हाकायला कोणी बसत नाही. बैल आपले आपण घाट, म्हणजे शर्यतीची चढण, चढतात, आणि त्यांना वाट दाखवायला पुढं घोडी. तिच्यावरचा गडी चुकला तर मागून बैल अंगावर. मामा कधी चुकले नाहीत. त्यांची घोडी चिमणी, लाल, कपाळावर पांढरा टिळा. आणि घाटावर माईक माझ्या हातात. कॉलेज सोडून मी तेवढंच शिकलो होतो, बोलणं आणि नकला. मामा मला पोपटच म्हणायचे.

पिंपरी पेंढारच्या घाटात आमच्या गावची बारी, म्हणजे गाड्याची धाव, सगळ्यांत कमी सेकंदांत आली, आणि त्याच बारीत वरच्या निशाणापाशी चिमणी घसरली. मामा डोक्यावर पडले. पाच मिनिटांनी उठून बसले. रक्ताचा थेंब नाही. बारी जिंकलेली, माणूस उठलेला, म्हटल्यावर आम्ही काय करणार? गुलाल टाकला, खांद्यावर घेतलं आणि हलगीच्या तालावर अर्धा तास नाचवलं. सांजच्याला मामांना उलट्या सुरू झाल्या. नारायणगावचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूला हादरा बसलाय. महिनाभर आराम. परत डोक्याला मार लागू द्यायचा नाही, एवढं सांभाळा."

महिना गेला, तीन वर्षं झाली. मामा एवढंच सांभाळत बसले. कानात कापूस, डोक्याला टॉवेलाचे चार वेढे. एसटीत बसायचं नाही, खड्ड्यात टपाला डोकं लागेल. नारळाच्या झाडाखालून जायचं नाही. ओतूरच्या बाजाराला जायचं तर चिमणीचा लगाम हातात धरून शेजारून पायी. कोणीतरी मुद्दाम विचारायचं, "मामा, घोडी असून पायी?"

"तिला एकटीला करमत न्हाई, म्हनून सोबत चाललोय."

फार डिवचलं की म्हणायचे, "डोकं हाय राव ते. टायर न्हाई, पंक्चर काढून परत बसवाया."

मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक दिलेली घाटघरला. तिला मुलगी झाली, बारशाचं बोलावणं आलं, पण तिकडच्या रस्त्याला जीप कशी उडते ते मामांना माहीत होतं. नात दीड वर्षाची झाली तरी त्यांनी पाहिली नव्हती. लेकीनं पाठवलेला फोटो देव्हाऱ्यात ठेवून ते एकटेच भाकरी खायचे.

आणि मी काय केलं? गणपतीत स्टेजवर मामांची नक्कल केली. मोकळ्या आभाळाखाली टाळूवर हात धरून वाकत वाकत या टोकाकडून त्या टोकाला गेलो. लोक लोळले. मीही रंगात आलो, आणि मग मागं टॉवेल दिसला. कर्ण्याचा आवाज सोसत नसतानाही मामा आरतीला आले होते. आरती न घेताच परत गेले. त्यानंतर बाजारालाही निघेनात.

पंधरा दिवसांनी मी तोंड पाडून गेलो. मामा गोठ्यात चिमणीला खरारा करत होते.

"चुकलं मामा."

"नक्कल झ्याक व्हती," ते म्हणाले. "पर वाकनं कमी पडलं." मग थांबले. "पोपटा, ती बारी मला आठवत न्हाई. घोडीवर टांग टाकली तेवढं आठवतं, मंग एकदम दवाखाना. तू माईकवर व्हतास. सांग की. पर हळू. डोक्यात घण बसत्यात."

मी त्यांच्या कानाशी बसलो आणि अख्खी बारी कुजबुजत म्हटली. कोण कुठं उभं होतं, चिमणीनं कान कसे टवकारले, बैल कसे सुटले. आयुष्यात एवढ्या हळू आवाजात मी कधी बोललो नव्हतो. मामांच्या मांड्या आपोआप आवळत होत्या. निशाणापाशी मी थांबलो.

"पडलेलं बी सांग," मामा म्हणाले. "आठवत असतं तर एकदाच पडलो असतो. आठवत न्हाई म्हनून रोज पडतोय."

"चिमणीचा पाय दगडावरनं सटकला. तुमी उजव्या अंगावर पडला. तिनं पाडलं न्हाई. तुमची बी चूक न्हाई." मग जे कधी बोललो नव्हतो तेही बोललो. "खांद्यावर घ्या म्हनून माईकवरून मीच वरडलो, मामा. तुमी दोन्ही हातांनी टाळू धरून बसला व्हता. आमाला वाटलं, फेटा सावरताय."

मामा कितीतरी वेळ आपल्या डाव्या तळव्याकडं बघत राहिले. "म्हंजी हे तवापासनं हाय व्हय," एवढंच म्हणाले. उठले आणि चिमणीच्या पायावरून हात फिरवू लागले. मी निघालो तेही त्यांना कळलं नाही.

आठवड्याभरानं सकाळी दाराशी हाक आली. मामा, पाठीवर वळकटी, हातात लगाम. "घाटघरला निघालोय. दोन मुक्काम पडत्याल."

"बसून जा की मामा, आता."

"बघू. आधी गावाभायेर तर पडू दे."

मी वेशीपर्यंत गेलो. ते पुन्हा राहायला आलेच नाहीत, लेकीकडेच राहिले. पुढं घोडीवर बसले की नाही, ते मला आजही माहीत नाही. यात्रेत कोणी पडलं की माईकवरून एवढंच म्हणतो, "हात लावू नका, निजू द्या त्याला." हलगीवाले चिडतात.

वेशीवर नवी सिमेंटची कमान झाली होती, ट्रकभर ऊस सहज जाईल एवढी उंच. त्या सकाळी मामांनी तिच्याखाली येताच टाळूवर हात ठेवला, वाकले आणि पलीकडं गेले. मागं चिमणी. वळणाआड दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो. परत फिरून कमानीखाली आलो, तेव्हा माझा हात माझ्या टाळूवर होता. बघायला तिथं कोणीच नव्हतं.