परत न घेतलेला डबा

"परत करायचा नाही हं. खा आणि टाकून दे."

मेधाताई दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या बाहेर. हातात प्लॅस्टिकचा डबा, टेकअवेवाले करी भरून देतात तसला. मी डावा हात पुढे केला. उजवा उचलवत नव्हता. ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. उजव्या छातीवर टाके, काखेत टाके, मधलं सगळं सुजून दगड झालेलं. त्यांनी माझा पुढे आलेला हात पाहिला. आणि डबा पायरीवर ठेवला. खाली, पायपुसण्याच्या बाजूला.

"तू वाकू नकोस. मुलीला घ्यायला सांग," म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

मुलगी युनिव्हर्सिटीत गेली होती. मी वाकले. काखेतून कुणीतरी सुतळी ओढावी तसं झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराची चौकट धरून मी तो डबा उचलला. आत आमटी-भात, अजून गरम. तो डबा मी ओळखला. चाळीस वर्षांपूर्वीचा होता तो.

माझी आई पुण्यात चार घरची भांडी घासायची. त्यातल्या एका घरून उरलेली आमटी मिळायची. दुधाच्या पिशवीत. पिशवी धुतलेली, तोंडाला दोरा. पिशवीत का, तर पिशवी परत येत नाही. एकदा आईने स्वतःचा स्टीलचा डबा नेला. नवा कोरा, झाकणावर नाव घातलेला. मी सोबत होते. बाईंनी डबा हातात न घेता पाहिला, "छान आहे गं," म्हणाल्या आणि आमटी पिशवीतच ओतली. आईने घरी येऊन ती आमटी आपल्या डब्यात ओतली. मला म्हणाली, "बघ, आता आपल्या डब्यातली झाली." मी सात वर्षांची होते. त्या दिवशी मी जेवले नाही.

त्याच आईची मुलगी आज बर्मिंगहॅममध्ये स्टीलची भांडी विकते. आधी गाडीच्या डिकीतून विकायची, मग रविवारच्या मार्केटात टेबल लावायची, आता स्वतःचं दुकान. कुकर, पातेली, डबे. प्रत्येक भांड्यावर नाव घालून देते. हातातलं छोटं मशीन आहे, दाताच्या डॉक्टराकडच्या मशीनसारखं घर्रर्र वाजतं. मंडळातल्या मराठी बायकांच्या ओट्यावर कुठला डबा आहे, मला तोंडपाठ. नावं माझ्याच हातची. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. बायका म्हणतात, ही मेली तर यमाशी घासाघीस करून परत येईल.

एकच बाई मला टक्कर द्यायची. मेधाताई. डॉक्टर, मंडळाच्या अध्यक्षा, नवराही डॉक्टर. अठरा वर्षांत मी सांगितलेला भाव त्यांनी एकदाही दिला नव्हता. मला त्याचं कौतुक होतं.

आणखी एक सांगायला हवं. दुकानात मी लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं होतं. मी लक्ष्मीला मानत नाही. गिऱ्हाईक मानतं. माझं आडनाव नवऱ्याचं, गावावरून पडलेलं. त्यातून काही कळत नाही. नवरा सोडला, आडनाव ठेवलं. तेही धंद्यासाठी. हे लिहायला लाज वाटते. लिहिते.

गाठ मलाच लागली, अंघोळ करताना. वाटाण्याएवढी. पुढचं सगळं भराभर झालं. कॅन्सर. लहान होता, पण होता. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी निळा रंग टोचला, काखेतली नेमकी कुठली गाठ काढून तपासायची ते दिसावं म्हणून. नर्स म्हणाली, एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होईल, घाबरू नका, आणि छातीवर निळा डाग काही महिने राहील. मी तिला सांगणार होते की निळ्या रंगाला आम्ही घाबरत नाही. पण तिला काय कळणार.

घरी येऊन आरशात पाहिलं. एका बाजूने खड्डा. खाली निळं. भोवती पिवळं, जांभळं. कुणीतरी बुटाने लाथ घातल्यासारखं. मी आरशाला शिवी दिली. रडले नाही. मुलगी रडली.

मंडळाच्या ग्रुपवर पाळ्यांचा रोटा झाला. दोन आठवडे रोज एकीने जेवण पोचवायचं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी मेधाताई आल्या. तीन पुडांचा स्टीलचा डबा घेऊन. माझ्याच दुकानातला, झाकणावर मी घातलेलं नाव. आत आल्या. "दाखव बघू," म्हणाल्या. मी गाऊनची बटणं सोडली. त्यांनी हात धुतले, जखमेच्या कडेने बोटं फिरवली. "छान भरतंय. घाबरायचं नाही." माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मुलीने चहा टाकला.

चहा घेताना त्यांचं लक्ष माझ्या मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे बुद्धाची मूर्ती आहे. तिच्यावर निळ्या कोटातला, हातात पुस्तक धरलेला फोटो. कुणाचा, ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

"तुझं माहेरचं आडनाव काय गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"असं होय. छान," म्हणाल्या. चहा अर्धा राहिला. दवाखान्याची वेळ झाली, उशीर होतोय. डबा माझ्याकडे राहिला.

चौथ्या दिवशी जेवण प्लॅस्टिकच्या डब्यात आलं. पाचव्या दिवशी दुसऱ्या बाईकडून, तेही प्लॅस्टिकमध्ये. सहाव्या, सातव्या, आठव्या. सगळ्यांच्या घरचं स्टील एका दिवसात संपलं. मीच विकलेलं स्टील. आणि नवव्या दिवशी पुन्हा मेधाताईंची पाळी, तेव्हा पायरीवर.

मी धंदेवाली आहे. माल हातात घेऊन पाहिल्याशिवाय खोटा म्हणत नाही. दहाव्या दिवशी बेसनाचे लाडू केले. बेसन मी भाजलं, डाव्या हाताने. लाडू मुलीने वळले, वेडेवाकडे. मेधाताईंचा डबा घासून, पुसून भरला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. मुलीला त्यांच्या घरी पाठवलं.

ती तासाभराने परत आली. हातात डबा. तसाच भरलेला.

"मम्मी, आंटीने डबा घेतली नाही. शी सेड, तुमच्याकडेच राहू दे, आमच्याकडे खूप आहेत. आणि ते गोड खात नाही."

"डबा पण नाही घेतला?"

"नाही. शी वॉज सो नाइस अबाउट इट. गिफ्ट दिली ना आपल्याला."

माझी पोर. इथे जन्मलेली. तिला ती भेट वाटली.

डब्यावर त्यांचं नाव होतं. माझ्या हातचं. स्वतःचं नाव घातलेली वस्तू माझ्या घरात सात दिवस राहिली म्हणून त्या बाईने ती टाकून दिली. दिवसभर लोकांचा घसा, कान, जखमा तपासणारी बाई. माझ्या कापलेल्या छातीवर बोटं फिरवलेली बाई.

मी डबा मुलीच्या हातातून घेतला आणि फेकला. उजव्या हाताने. मला तो भिंत फोडून, रस्ता ओलांडून, त्या बाईच्या खिडकीतून आत जायला हवा होता. तो माझ्याच पायाशी पडला. हात कोपरापुढे गेलाच नाही. लाडू फरशीवर फुटले. काखेत काहीतरी फाटलं, गरम ओघळ कमरेपर्यंत आला. मी रिसायकलिंगच्या पेटीतून ते प्लॅस्टिकचे डबे ओढून काढले आणि पायाखाली चिरडले. एकेक. मुलगी ओरडत होती, "मम्मी, स्टॉप, रक्त येतोय." सगळे चिरडल्यावर थांबले.

हॉस्पिटलमधली नर्स उंच, काळी, माझ्याच वयाची. काखेत साठलेलं पाणी तिने सुईने काढलं, उघडलेली जखम बांधली.

"काय केलंस?"

"एक वस्तू फेकली."

"कुणाला लागली का?"

"नाही."

"पुढच्या वेळी दुसऱ्या हाताने फेक, बॅब," ती म्हणाली. बर्मिंगहॅमच्या बायका सगळ्यांनाच बॅब म्हणतात. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "हा हात परत हवा असेल तर रोज व्यायाम कर. भिंतीवर बोटं चढव. दुखेपर्यंत नाही. दुखायला लागेल त्याच्या थोडं आधी थांब."

मी आधी थांबले नाही. भिंतीपाशी उभी राहायचे, बोटं कोळ्यासारखी वर चढवायचे. मुलगी पेन्सिलने रेघ मारायची. पहिली रेघ कमरेशी. मग खांद्याशी. मग तिथेच अडकली, दहा दिवस. त्या दहा दिवसांत मी मनात त्या बाईला किती वेळा मारलं, मोजलं नाही. पातेल्याने मारलं. लाटण्याने मारलं. रात्री झोपेत दात खात होते, मुलगी सांगते. रिपोर्ट आला, काखेतली गाठ स्वच्छ, आता फक्त रेडिएशन. मुलगी नाचली. माझ्या डोक्यात तो डबाच. चेपलेला, त्यांच्या नावाचा. मी रोज घासून ठेवत होते.

आणि एक दिवस भिंतीपाशी उभं असताना दुसराच विचार आला. त्या बाईने फोटो पाहिला आणि डबा टाकला. मी अठरा वर्षं फोटोच टाकला होता. दुकानात लक्ष्मी लावून. तिचा राग करताना माझा हिशेब मी बाजूला ठेवत होते. त्या दिवशी रेघ डोक्याच्या वर गेली.

सहाव्या आठवड्यात मेधाताईंचा फोन आला. मंडळाला पंचवीस वर्षं झाली. प्रत्येक घराला एक डबा द्यायचा, नाव घालून. वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर. माझं दुकान सहा आठवडे बंद होतं. ती ऑर्डर हातची गेली तर दुकान राहील की नाही, माझं मलाच माहीत नव्हतं.

"या," म्हटलं.

सकाळी दुकान उघडलं. कॅलेंडर काढलं. गल्ल्याच्या वर, दारातून आलेल्याची पहिली नजर पडेल तिथे, खिळा ठोकला. हातोडी उजव्या हातात. प्रत्येक घावाला काखेतून कळ निघाली. फोटो लावला.

मेधाताई आल्या. फोटो पाहिला. लगेच मांडणीकडे वळल्या.

"छान दिसतेस गं. हात उचलतेस का आता?"

"उचलते."

"दीडशे डबे हवेत. आणि या वेळी माझ्या तोंडाकडे बघून भाव सांग, दरवेळी लुटतेस."

"सांगते. आधी तुमचा डबा घ्या." मी तो काउंटरवर ठेवला. झाकण काढलं. वर लाडू, त्याच सकाळचे.

"अगं, तुझ्या मुलीला म्हटलं होतं ना, राहू दे."

"एक लाडू खा. इथे, माझ्यासमोर. मग भाव बोलू."

त्या हसल्या. "मला शुगर आहे."

"दिवाळीला मंडळात जिलब्या खाताना नव्हती. चतकोर खा."

त्यांचा आवाज बदलला. पेशंटशी बोलायचा आवाज आला. "हे बघ, ऑपरेशननंतर असं होतं. राग येतो, भलतंसलतं डोक्यात येतं. मी तुला काउन्सेलिंगला रेफर करते."

"प्लॅस्टिकचे डबे माझ्या ऑपरेशनमुळे आले का?"

"सोयीचं म्हणून दिले. तू काय अर्थ काढतेस ते कळतंय मला. मी जातपात मानत नाही. माझ्याकडे सगळ्या प्रकारचे पेशंट येतात, सगळ्यांना हात लावते मी."

"हात लावायला ग्लोव्ह्ज मिळतात, मेधाताई. लाडू गिळायला मिळत नाहीत."

त्या दाराकडे बघत राहिल्या. मग पर्स काउंटरवर ठेवली.

"बरं बाई. तू म्हणशील तो भाव. झालं?"

अठरा वर्षं. एकेका चमच्यासाठी वाद घातलेली बाई. माझ्या हातचा चतकोर लाडू टळावा म्हणून ती पूर्ण भाव द्यायला तयार झाली.

माझा हात उठला. डब्यासकट. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, सगळ्या रेघांच्या वर. त्यांचं कपाळ माझ्या समोर होतं, आणि त्यांना ते कळलं. त्या मागे सरकल्या. मी डबा काउंटरवर आपटला. काउंटरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

"निघा," मी म्हटलं. "दीडशे नाही आणि एक नाही. चमचासुद्धा नाही."

"पस्तावशील."

"पर्स उचला."

मंडळाच्या निम्म्या बायका आता लेस्टरहून भांडी आणतात. दुकान कसंबसं चाललंय. काच मी बदललेली नाही. छातीवरचा निळा डाग फिका होतोय, हात पूर्ण वर जातो. तो चेपलेला डबा काउंटरवर आहे, नाव पुढे करून, भरलेला. मराठी गिऱ्हाईक आलं की मी झाकण काढते, डबा पुढे सरकवते आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहते. जो खातो त्याच्याशी भाव बोलते. जो खात नाही त्याला दार दाखवते. दुकान बुडालं तर याच नियमावर बुडेल. नियम बदलणार नाही.