पांढरीची माती

मी जात्याच भित्री. पाल दिसली तर खोली बदलते, ढग गडगडले की मोबाईल बंद करून गादीखाली ठेवते. त्यामुळे वडिलांच्या खोलीच्या भिंतीला तडा गेलाय असं मी म्हणाले, तेव्हा भावाने मान वर न करताच "ताई, प्लास्टर फुगलं आसंल" म्हणून विषय संपवला. भित्र्या माणसाची घरात हीच पंचाईत असते. खरोखरचं संकट आलं तरी कुणी वळून बघत नाही.

आमचा मळा नाशिकला लागून, गोदावरीच्या अलीकडे. झेंडू, मेथी, कोथिंबीर असा रोज मार्केटला जाणारा माल. मळा भाऊ बघतो. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. नदी, तिचा गाळ, गाळात शेती, शेतीपाशी वस्ती, असे फळ्यावर बाण काढत माणसाचा सगळा प्रवास एका तासात उरकते. मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात.

आमच्या गावात हे फळ्याशिवायही कळतं. जिथे पिकतं ती काळी आणि जिथे माणसं राहतात ती पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तिच्यावर भिंत धड राहत नाही. शिवाय नदीचा पूर. म्हणून कधीकाळी कुणीतरी काळी सोडून उंचवट्यावर पहिलं घर बांधलं. त्या घराची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती तिथेच साचली, तिच्यावर पुढच्यांनी घरं बांधली, ती पडली, पुन्हा बांधली. असं होत होत गावठाणाची अख्खी टेकडी पांढरी झाली. आता गावठाणात फार थोडी घरं उरलीत. बाकी सगळे मळ्यात बंगले बांधून राहतात. काळीतून खाली मुरूम लागेपर्यंत खणलं की पाया पक्का होतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही तेवढं खणलं नाही. मळ्याच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात माती पांढुरकी होती. वडील तिथे उभे राहिले, चपलेच्या टोकाने माती उकरली आणि म्हणाले, "इथं पांढरी वर आलीया. इथं माझी खोली. लय खोल जायला नको." त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा. नारळ फुटला, उथळ पाया भरला, खोली उभी राहिली. खिडकीतून थेट झेंडू दिसायचा. दोन वर्षांत त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली, आणि तेव्हापासून त्यांचा पलंग त्याच भिंतीला लावलेला होता.

चैत्रात तडा केसाएवढा होता. मग त्यात नख जायला लागलं, मग बोट. शेतात तर अशा भेगा पडल्या की भावाचा विळा एकीत पडला तो सापडलाच नाही. खोलीचं दार चौकटीत अडकून बसलं तेव्हा कुठे भावाचा चेहरा उतरला आणि त्याने शहरातून एका इंजिनियरला आणलं. त्या माणसाने तड्यावर आडवी एक काचेची पट्टी प्लास्टरमध्ये बसवली. म्हणाला, "ही फुटली तर भिंत हलतेय असं समजा. आणि बाबांना इथे झोपवू नका."

हे वडिलांना कोण सांगणार? मी सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने पलंगाचा दांडा घट्ट धरला. "माझी जागा हाय. नाय हलायचं."

मग मेच्या सुट्टीत मी दिवसभर त्या खोलीत बसून राहिले. वर्तमानपत्र हातात, डोळे काचेवर. रस्त्याने ट्रॅक्टर गेला की मी उठून काच बोटाने चाचपायचे. वडील घोरायला लागले तरी मला तो भिंतीचाच आवाज वाटायचा. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त रागही येत होता. हा माणूस आयुष्यभर आमच्यावर ओरडला, आता स्वतः भिंतीखाली पडून राहणार आणि आम्ही बघत बसायचं? असं मनात यायचं, आणि लगेच त्यांच्या उशीवरची धूळ झटकायला हात जायचा. ती धूळ तड्यातून पडायची.

एका दुपारी मी त्यांना दूधभाकरी भरवत होते. बांगडी दारावर आपटल्यासारखा बारीक आवाज आला. मी घास हातात धरून वर पाहिलं. काचेचे दोन तुकडे झाले होते, एक चादरीवर पडला होता. मी किंचाळले. भाऊ धावत आला आणि आम्ही वडिलांसकट पलंग उचलून अंगणातल्या कडुनिंबाखाली आणला. ते आम्हाला शिव्या देत होते. निम्म्या कळत नव्हत्या, पण शिव्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या बाहेरून पायाशी खड्डा घेतला. गुडघाभर पांढरी माती निघाली, तिच्यात खापऱ्या, कोळसा, बांगड्यांचे तुकडे. आणि तिच्याखाली एकदम काळी, चिकट, खाली खोलवर नुसती काळीच. अंगणातून वडील हे सगळं बघत होते. बराच वेळ त्यांचे ओठ हलले, मग शब्द आले.

"आम्हीच टाकली ती."

त्यांच्या तरुणपणी दर उन्हाळ्यात गावठाणाची माती बैलगाड्यांनी शेतात नेत. राखेची माती, खतासारखी. सगळं गाव नेत होतं. आमच्या गाड्या विहिरीपाशी रिकाम्या व्हायच्या. "पांगवली व्हती सगळी," ते म्हणाले. "इथं ढीग राह्यला आसंल. ध्यानात नाय आलं." आपणच आणून टाकलेल्या मातीला ते जमीन समजले होते. मग त्यांनी पहिल्यांदाच आपण होऊन विचारलं, "मला कुठं नेता?"

मळ्यातल्या बाकीच्या खोल्याही त्याच उथळ पायावर होत्या. गावठाणात आमचं जुनं घर आहे, पत्र्याच्या छपराचं, तीन खोल्यांचं. तिथे माझी विधवा आत्या एकटी राहते. ती म्हणाली, "आण दादाला. ही खरी पांढरी हाय बाई. किती राजे आले नि गेले, भिंत नाय हलली." मागच्या खोलीत वारा येतो म्हणून वडिलांचा पलंग मागच्या भिंतीला लावला. मीही तिथेच राहायला गेले. कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली. पावसाळा सुरू झाला, नदी चढली, खालचे मळे पाण्याने भरले, आणि आम्ही उंचावर कोरडे. वर्गात शिकवलेलं पहिल्यांदाच मनापासून पटलं.

जुलैत चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी दुपारी वाऱ्याने आत्याचं लुगडं दोरीवरून उडून घरामागच्या बाभळीत अडकलं. आत्याचे गुडघे धरलेले, म्हणून मी गेले. मागे कधी कुणी जात नाही, काटेरी कुंपण आहे. ते ओलांडून मी लुगड्याला हात घातला आणि समोर जमीनच नव्हती.

मागच्या भिंतीपासून जेमतेम दोन हातांवर टेकडी उभी कापलेली होती. खाली घराच्या उंचीएवढं खोल. कापलेल्या मातीत राखेचे पट्टे एकावर एक दिसत होते, मध्ये एक अर्धं जातं बाहेर आलेलं. खाली ओली माती नुकतीच ढासळून पडली होती. मी बघत असताना अजून एक ढेकूळ सुटलं. ते पडल्याचा आवाज यायला थोडा वेळ लागला.

लुगडं तिथेच सोडून मी आत आले. वडील जागे होते.

"आबा, ती गाडीतली माती कुठून भरायचा तुम्ही?"

त्यांनी डावा हात हळूहळू वर नेला आणि डोक्यामागच्या भिंतीवर टकटक केली.

मी आत्याला हाक मारली. "आत्या, पलंगाचं दुसरं टोक धर."

ती पदर खोचत आली, तिने पलंग धरला. "आन् न्यायचा कुठं?" तिने विचारलं.

खाली पाणी होतं, मळ्यात ती खोली होती. मी पलंग उचलून तशीच उभी राहिले.