गूळपाण्याचा समुद्र

"वर काय बघताय? खाली बघा की!" असं म्हणून आमचा खलाशी गिऱ्हाइकासमोर गुळाची ढेप उलटी करायचा. त्याला जाऊन वर्षं झाली, पण ढेप दिसली की मीही आधी उलटी करतो.

महायुद्ध संपलं, तो आरमारातून सुटला आणि सांगलीत आमच्या गुळाच्या अडतीवर लागला. आम्ही त्याला खलाशीच म्हणायचो. साताऱ्याकडचं त्याचं गाव सगळं पलटणीतलं. खारं पाणी बघून आलेला हा एकटाच. रुबाब काय विचारता! ढेपा उचलतानाही छाती पुढं.

बाप मात्र त्याच्याशी बोलत नव्हता. बाप म्हणजे पेन्शनर सुभेदार. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला, नदीच्या मुखाशी, पाणी अगदी शांत असताना याची बोट रखडली होती. इंजिन पुरं चालू, बोट हलेना. इंजिनावर हाच. गावात बोभाटा झाला, पोरगा ड्यूटीवर झोपला! परतल्यावर सुभेदारांनी उंबऱ्यावर गूळपाणीसुद्धा विचारलं नाही. अहो, आमच्याकडं वाटसरूलाही ते विचारतात!

एकदा सुभेदार गूळ घेऊन अडतीवर आले. खलाशानं काचेची बरणी ओढली, तळाला गुळाचं दाट पाणी केलं. "आबा, ह्यो समुद्र. जड. आन् ही नदी, हलकी." वरून तांब्या ओतला. सगळं तांबडं एकजीव!

"ह्यो व्हय तुझा समुद्र?" सुभेदार उठलेच.

"बसा वो आबा. चंचीतलं एक पान द्या."

कुरकुरत दिलं. त्यानं बरणी धुतली, पुन्हा गुळाचं पाणी केलं, त्यावर पान तरंगत ठेवलं आणि पानावर हळू धार धरली. खाली तांबडं, वर निवळ. मग पान काढून लाकडी चमचा बोटीसारखा निवळ पाण्यातून ओढला.

"वर काय बघताय, आबा? खाली बघा."

वर पाणी जवळपास सपाट. खाली मात्र तांबड्या पाण्याच्या लाटा उठत होत्या, संथ आणि केवढ्या तरी मोठ्या.

"बोटीचा सगळा जोर ह्या लाटा उठवण्यात गेला. इंजिन थांबलं न्हवतं, आबा. मीबी झोपलो न्हवतो."

हमाल ढेपा खाली ठेवून बरणीभोवती जमले.

"पुन्यांदा कर," सुभेदार म्हणाले. त्यानं केलं. मग ते हमालांकडं वळून गरजले, "बघा रं! असल्या पाण्यातनं बोट काढून आलाय आमचा पोरगा!" खरं सांगतो, माझीच छाती फुगली.

सुभेदारांनी बरणीतलं पाणी वाटीत ओतलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं.

"दमून आलास, बाळा. घे, गूळपाणी घे."